जुन्या घड्याळाचा दर्जा कोण ठरवितो?

जुने घड्याळ विकावयाचे म्हटले की विकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘फर्स्ट क्लास’. घेणारा ते हातात घेतो, कानाशी लावतो, काचेवरून अंगठा फिरवितो आणि म्हणतो, ‘ठीक आहे.’ या ‘फर्स्ट क्लास’ आणि ‘ठीक आहे’मध्ये जे अंतर आहे, त्यावरच हा सारा व्यापार चालतो. साध्या घड्याळाच्या बाबतीत ते अंतर शे-दोनशे रुपयांचे असेल. पण रोलेक्स, ओमेगा, पाटेक फिलिप अशा नामवंत घड्याळांच्या बाबतीत ते लाखांवर जाते. म्हणून या अंतराला पट्टी लावण्याचा खटाटोप माणसांनी केला. त्या पट्टीची हकीकत, वाचकहो, मोठी उद्‌बोधक आहे.

पूर्वी अशी पट्टी नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. घड्याळ हे वेळ सांगण्याचे साधन. ते चालते की नाही आणि वेळ बरोबर दाखविते की नाही, एवढे पाहिले की काम झाले. डायल काळवंडली तर घड्याळजी ती नव्याने रंगवून देई, काटे गंजले तर बदली, केसवर चरे पडले तर ती घासून लख्ख करी. यात कुणाला फसविण्याचा हेतू नसे. उलट घड्याळ ‘नव्यासारखे’ करून देणारा तो चांगला कारागीर, असेच लोक मानीत. वापरलेल्या घड्याळाची किंमत नव्यापेक्षा कमी, हा तर सरळ हिशेब होता.

दर्जाची शिडी प्रथम नीट बांधली गेली ती नाण्यांच्या व्यापारात. अमेरिकेतील विल्यम शेल्डन याने १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी अंकांची श्रेणी मांडली. अगदी झिजून केवळ ओळख पटण्यापुरते उरलेले नाणे १, आणि टाकसाळीतून आता निघाल्यासारखे निर्दोष नाणे ७०. पुढे ही श्रेणी नाण्यांच्या जगात सर्वत्र रुळली. पण गंमत अशी की, शेल्डनच्या मृत्यूनंतर असे उघडकीस आले की अमेरिकन नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहातील चांगली नाणी उचलून त्याने त्यांच्या जागी हलक्या प्रतीची ठेविली होती. आता बोला! दर्जा पारखण्याची विद्या आणि दर्जाविषयीचा प्रामाणिकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण येथेच लक्षात ठेवू.

घड्याळांच्या बाबतीत पालट झाला तो १९६९ नंतर. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला जपानच्या सैको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. काही वर्षांतच असली घड्याळे स्वस्त झाली, आणि वेळ दाखविण्यात ती चावीच्या घड्याळांना सहज मागे टाकीत. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे ९० हजार माणसे होती. १९८० नंतरच्या दशकात ती सुमारे ३० हजारांवर आली. पण साधन म्हणून जे मेले, ते जुनी कलावस्तू म्हणून जिवंत झाले. १९७४ साली जिनिव्हात ओस्वाल्डो पात्रित्सी यांनी जुन्या घड्याळांच्या लिलावाची पेढी काढली. तीच पुढे ‘अँटिकोरम’ नावाने प्रसिद्धीस आली. १९८९ साली तिने केवळ पाटेक फिलिपच्या घड्याळांचा मोठा लिलाव केला. लिलावाच्या सूचिपत्रात केस, डायल आणि मशीन यांचा दर्जा वेगवेगळा देण्याची पद्धत या पेढीने पाडली. ही मोठी अक्कलहुशारीची गोष्ट होय. कारण मशीन उत्तम, केस बरी आणि डायल रंगविलेली असे घड्याळ ‘चांगले’ म्हणावे की ‘वाईट’? एका शब्दात त्याचे उत्तर नाही.

येथूनच एक उलटापालट झाली. ज्याला पूर्वी दुरुस्ती म्हणत, तिला आता हानी म्हणू लागले. केस घासून चकचकीत केली की धातू झिजतो, कडा बोथट होतात, पट्टा अडकविण्याच्या बाजू बारीक होतात. आणि गेलेला धातू काही परत येत नाही. काळी डायल उन्हाने तपकिरी पडली, तर पूर्वी ती फेकून देत; आज तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजतात.

काट्यांचेच पाहा ना. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या घड्याळाला अजून ‘रेडियमचे घड्याळ’ म्हणतात. एके काळी त्यात खरोखरच रेडियम असे. ते रंगविताना कुंचल्याला ओठांनी टोक काढणाऱ्या अमेरिकेतील कित्येक कामगार मुली १९२० नंतरच्या दशकात त्यापायी दगावल्या. १९६० च्या सुमारास रेडियम मागे पडून ट्रिटियम आले आणि डायलच्या तळाशी इंग्रजी ‘टी’ अक्षर छापले जाऊ लागले. ट्रिटियमची शक्ती सुमारे १२ वर्षांत निम्मी होते. तेव्हा १९६५ सालचे म्हणून दाखविलेले घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल, तर त्यावरचा लेप मागाहून दिलेला आहे हे उघड आहे. आणि १९५० सालच्या म्हणविणाऱ्या घड्याळावर ‘टी’ दिसला, तर डायल मागाहून बसविलेली समजावी.

या गोष्टीचा धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो, बरे का. नव्याने रंगविलेली डायल आणि इकडचे-तिकडचे भाग घालून जुळविलेल्या घड्याळांना परदेशातील संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नाव ऐकून आपल्याला वाईट वाटेल. पण रंग देणाऱ्याच्या हातात कला आहे, हेही खरेच. दोष रंगविण्यात नाही, रंगविले हे न सांगण्यात आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे काढण्यास आरंभ केला, आणि एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. आज घरोघरी आजोबांचे एखादे एचएमटी कपाटात पडलेले असते, आणि जुन्या एचएमटीच्या नावाखाली नव्या रंगाच्या डायलही बाजारात भरपूर आहेत.

मग दर्जा उत्तम असला म्हणजे झाले काय? तसेही नाही. नट पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरांना विकले गेले. ते वर्षानुवर्षे वापरलेले घड्याळ. मागे पत्नीने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतलेले. एरवी असे कोरीवकाम उणेपणात धरतात. येथे त्यानेच घड्याळाची ओळख पटविली.

आणि याच्या अगदी उलट प्रकार जिनिव्हात घडला. २०२१ च्या नोव्हेंबरात १९५७ सालचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर लिलावात आले. अपेक्षा होती सव्वा लाख फ्रँकांच्या आतली. बोली गेली ३१ लाखांवर. डायल सुरेख तपकिरी, सारे काही मनासारखे. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी! २०२३ साली उघड झाले की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेले होते, आणि त्यात कंपनीच्याच माजी नोकरांचा हात होता, असे कंपनीने सांगितले. ज्यांनी घड्याळ घडविले, त्यांच्याच घरात ते फसवून शिरले.

तात्पर्य काय? ‘न वापरलेले’, ‘मिंट’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’ हे शब्द दुकानादुकानांत निराळ्या अर्थाने चालतात. सर्वांना बंधनकारक असे एकच माप जगात नाही. २०२२ पासून रोलेक्सने जुनी घड्याळे स्वतः तपासून दाखल्यासह विकण्याची योजना काढली आहे, पण तीही फक्त तिच्याच घड्याळांपुरती. तेव्हा घेणाऱ्याने दर्जाचा शब्द विचारू नये. चार गोष्टी विचाराव्यात. केस कधी घासली आहे काय? डायल आणि काटे मूळचे आहेत काय? मशीन उघडून दाखवाल काय? कागद आणि दुरुस्तीच्या पावत्या आहेत काय? उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.

आणि विकणाऱ्याला एकच सांगणे. आजोबांचे घड्याळ विकावयाचे ठरले, तर विकण्यापूर्वी ते उजळून घेऊ नका. मऊ फडक्याने पुसा, डबा आणि पावती शोधून काढा, आणि जे उणे असेल ते आपणहून सांगा. चरे पडलेल्या घड्याळाला गिऱ्हाईक मिळते. घासून गेलेली कड मात्र कोणताही घड्याळजी परत आणून देऊ शकत नाही.