हृदय ‘बास’ म्हणतं तेव्हा: एका संप्रेरकाच्या शोधाचा इतिहास

मावळात विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा. गळ्याइतक्या पाण्यात थोडा वेळ काढला की लघवीला लागते. आपण म्हणतो, पाणी गार आहे म्हणून. पण पाणी कोमट असलं तरी लागतेच! या साध्या गोष्टीमागचा एक महत्त्वाचा दुवा १९८१ साली हाती लागला. तो इतका उशिरा का लागला, हे संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्ही जरूर समजून घ्या.

सुरुवात लोणावळ्यापासूनच करू. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी तिथे कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. आसनांचे परिणाम नुसते सांगायचे नाहीत, मोजायचे, हा त्यांचा आग्रह. नौलीत पोटातला दाब किती उतरतो ते त्यांनी पाहिलं, क्ष-किरण चित्रं काढली, सर्वांगासनात रक्तदाब मोजला.

आता तुम्ही त्या खोलीत आहात असं समजा. पाय वर गेले, पायांतलं बरंचसं रक्त छातीकडे आलं. दंडावरचा पट्टा धमनीतला दाब सांगतो. पण हृदयाच्या वरच्या कप्प्यांना, म्हणजे अलिंदांना, किती ताण बसला आणि त्यांनी तो पुढे कुणाला कळवला, हे पट्टा सांगू शकत नाही. हृदय म्हणजे पंप, एवढंच तेव्हा पाठ्यपुस्तकात होतं.

मीठ-पाणी धरून ठेवणारी बाजू मात्र हळूहळू उलगडत होती. १८९८ मध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढवणारा पदार्थ सापडला. त्यांनी त्याला रेनिन म्हटलं. १९५३ मध्ये अधिवृक्क ग्रंथीतलं अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते अधिवृक्काला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं आणि मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं. मग ‘बास, आता पुरे’ कोण म्हणतं?

गंमत बघा, १९५६ या एकाच वर्षी दोन धागे हाती आले होते. हेन्री आणि पिअर्स यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला, तर लघवी वाढली. त्याचं स्पष्टीकरण नसांच्या संदेशांत शोधलं गेलं. तिकडे ब्रुनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदपेशींत बारीक कण दिसले. १९६४ मध्ये जेमीसन आणि पलाडे यांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं. असे कण तर ग्रंथींच्या पेशींत असतात! स्नायूत ते काय करतात? एक धागा शरीरक्रियेच्या लोकांकडे, दुसरा सूक्ष्मदर्शकवाल्यांकडे. गाठ काही पडेना.

ती गाठ कॅनडात अडोल्फो दे बोल्ड यांनी मारली. अंगातलं मीठ-पाणी बदललं की या कणांची संख्याही बदलते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांच्या गटाने उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत दिला. सोडियमचं उत्सर्जन तिसांहून अधिक पटींनी आणि लघवी दहा पटींनी वाढली. निलयाच्या अर्काने तसं काहीच झालं नाही. ही तुलना नसती, तर निष्कर्ष लंगडा राहिला असता.

१९८४ पर्यंत २८ अमिनो आम्लांच्या या संप्रेरकाची रचना कळली, त्याला एएनपी नाव मिळालं. त्याच सुमारास दिसलं, की ते मूत्रपिंडातून रेनिन सुटणं कमी करतं आणि अधिवृक्काच्या पेशींवर थेट काम करून अल्डोस्टेरॉनही घटवतं. म्हणजे एकाच साखळीला दोन ठिकाणी लगाम. विहिरीतही हेच होतं. पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे सरकतं, अलिंदं ताणली जातात, एएनपी वाढतं, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन उतरतात.

हा लगाम नेहमीच पुरत नाही. हृदय निकामी होत जातं तेव्हा ही संप्रेरकं वाढलेली असतात, तरी रेनिन-अल्डोस्टेरॉनची ओढ भारी पडते आणि पायांना सूज येते. १९८८ मध्ये सापडलेलं बीएनपी हे एएनपीचंच भावंड. दम लागलेल्या रुग्णाची बीएनपी तपासणी करतात ती म्हणूनच.

जाता जाता एक सावधगिरी. ‘लोणावळ्यात हे शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. त्यांनी दाब मोजला, संप्रेरक नाही. आजचं ज्ञान कालच्या माणसाच्या तोंडी घातलं की त्याने खरोखर केलेलं काम झाकलं जातं. त्यापेक्षा तुमच्या वहीत दोन रकाने आखा: माझं उपकरण काय सांगतं, आणि काय सांगूच शकत नाही. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पुन्हा विचार करा.