‘मायसिन’ घराण्याचं कूळ

घसा धरला, ताप चढला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन उतरतं. मुरमांच्या मलमात क्लिंडामायसिन असतं. क्षयाच्या जुन्या रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं अजून आठवतात. नावं निरनिराळी, आडनाव एक. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी. पण या घराण्याचा मूळपुरुष बुरशी नव्हेच!

घोटाळा १८७७ मधला. जर्मनीत कार्ल ओटो हार्ट्‌झ यांना गुरांच्या सुजलेल्या जबड्यात किरणांसारखे पसरलेले तंतू दिसले. त्यांनी नाव ठेवलं ‘अ‍ॅक्टिनोमायसिस’, किरण-बुरशी. तंतूंना फाटे फुटलेले, रूप बुरशीचं. पुढे कळलं की पेशीत केंद्रकच नाही, म्हणजे हे जिवाणू. तोवर नाव रुळलं होतं.

या जिवाणूंचे भाऊबंद मातीत दाटीनं राहतात. पहिल्या पावसानंतरच्या मृद्‌गंधातलं जिओस्मिन ही बहुतांशी त्यांचीच करणी. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांनी ही वस्ती पिंजून काढली. रीत साधी, पण चिकाटीची: माती पाण्यात कालवायची, ते पाणी पातळ करत बशीतल्या आगरवर पसरायचं आणि कोणत्या ठिपक्याभोवती रोगजंतू वाढत नाहीत ते पाहायचं. १९४० मध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन मिळालं, पण ते फार विषारी निघालं.

ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्‌झ यांनी भरपूर शेणखत घातलेल्या शेतमातीतून एक जिवाणू वेगळा केला. त्यानं दिलेलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूंवर चाललं. पेनिसिलिन तिथे हतबल होतं. श्रेयाचा वाद कोर्टात गेला आणि शाट्‌झ सहसंशोधक ठरले. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं.

मग जगभरची माती प्रयोगशाळांत येऊ लागली. फिलिपिन्सच्या मातीतून एरिथ्रोमायसिन निघालं. त्यात फेरफार करून १९८० मध्ये झाग्रेबच्या रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन घडवलं.

या घराण्याची एक शाखा पुण्याजवळची आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’मध्ये एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हामायसिन शोधलं. नावाची सुरुवात कंपनीच्या आद्याक्षरांची, आडनाव बुरशीचं आणि काम बुरशी मारण्याचं. ते बनवणाऱ्या जिवाणूचं शास्त्रीय नाव आहे ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’.