हाब्रे खटला

हाब्रे खटला : चाडचा माजी हुकूमशहा इसेन हाब्रे (1942–2021) याच्यावर सेनेगलची राजधानी डकार येथे चाललेला खटला. एका देशाच्या माजी सत्ताधीशाला दुसऱ्या देशातील न्यायालयाने मानवी हक्कांच्या पायमल्लीबद्दल दोषी ठरवल्याचे हे पहिले उदाहरण. या खटल्याचे श्रेय कोणत्याही सरकारला देता येत नाही. छळातून वाचलेली माणसे आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मानवी हक्क संघटना यांनी तो पंचवीस वर्षे रेटून उभा केला.

हाब्रेची राजवट 1982 ते 1990. त्याच्या ‘डीडीएस’ या राजकीय पोलिसांचा एक तुरुंग चाडची राजधानी एन्जामेना येथे होता : वसाहतकाळातील पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचे छत घालून आत कोठड्या पाडलेल्या. लोक त्याला ‘पिसीन’, म्हणजे तलावच, म्हणत. या राजवटीत सुमारे 40,000 लोक मारले गेले, असा चाडच्या चौकशी आयोगाचा 1992 चा अंदाज आहे. सत्ता गेल्यावर हाब्रे डकारला पळाला आणि तेथे सुखाने राहू लागला.

सुलेमान गेंगेंग हे हिशेबनीस. दोन वर्षांहून अधिक काळ ते डीडीएसच्या कोठडीत होते. जिवंत सुटलो तर याचा जाब विचारीन, अशी शपथ त्यांनी आतच घेतली. सुटल्यावर पीडितांची संघटना बांधून त्यांनी व सहकाऱ्यांनी 792 जणांच्या जबान्या लिहून घेतल्या. धमक्या येऊ लागल्या तेव्हा ते कागद त्यांनी घरात लपवले. लंडनमध्ये 1998 साली चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला अटक झाली, तेव्हा या कागदांना वाट सापडली. चाडमधील कार्यकर्त्यांनी ह्यूमन राइट्स वॉचची मदत मागितली आणि जानेवारी 2000 मध्ये डकारला फिर्याद दाखल झाली.

मे 2001 मध्ये त्या संस्थेचे वकील रीड ब्रॉडी व त्यांचे सहकारी डीडीएसच्या ओसाड कचेरीत शिरले. जमिनीवर हजारो कागद धूळ खात पडले होते : अटकेच्या याद्या, चौकशीचे अहवाल, मृत्यूचे दाखले. त्यांतून कोठडीत मेलेल्या 1,208 जणांची नावे मिळाली. मारणाऱ्यांनीच नोंद ठेवली होती. ती वाचणारा कोणी तरी यावा लागला. पुढच्याच महिन्यात पीडितांच्या वकील जाकलिन मुदेना एन्जामेनातील निदर्शनात ग्रेनेडने जखमी झाल्या. त्या मागे हटल्या नाहीत.

सेनेगलच्या न्यायालयांनी 2001 मध्ये फिर्याद फेटाळली. मग पीडितांनी बेल्जियमचे दार ठोठावले. हाब्रेवर खटला चालवा किंवा त्याला हवाली करा, असा आदेश बेल्जियमने केलेल्या दाव्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2012 मध्ये सेनेगलला दिला आणि आफ्रिकी संघाच्या सहकार्याने डकारला विशेष न्यायपीठ स्थापन झाले. सुनावणीत हाब्रे डोक्याला फेटा गुंडाळून, काळा चष्मा लावून गप्प बसे. समोर 90 हून अधिक साक्षीदार बोलत गेले. वाळवंटातील लष्करी तळावर लैंगिक गुलामीत ठेवलेल्या स्त्रियाही बोलल्या. या स्त्रियांच्या साक्षी हा या खटल्याचा सर्वांत मोठा ठेवा आहे. 30 मे 2016 रोजी जन्मठेप झाली. 2017 च्या अपिलात स्वतः बलात्कार केल्याचा आरोप तांत्रिक कारणाने वगळला गेला. जन्मठेप कायम राहिली.

अपिलात 7,396 पीडितांना सुमारे 82 अब्ज सीएफए फ्रँक भरपाई मंजूर झाली. ऑगस्ट 2021 मध्ये हाब्रे कोव्हिडने मरण पावला, तोवर तिच्यातला एक फ्रँकही कोणाच्या हाती पडला नव्हता. अनेक फिर्यादी वाट पाहतच गेले.