जादा भरणा आणि हिशेबाचा हक्क : पुणे जिल्ह्यातील सावकारी कर्जापासून शैक्षणिक कर्जापर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कर्जबाजारीपणाच्या अभ्यासात 'कर्ज फिटत का नाही' हा प्रश्न केंद्रस्थानी असतो. देय रकमेपेक्षा जास्त पैसे धनकोकडे गेले, तर ऋणकोने ते कसे सिद्ध करावे, हा प्रश्न त्यामानाने क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. पुण्यासारख्या विद्यानगरीत शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही तो उभा राहू शकतो. या प्रश्नाचा पूर्वेतिहास पुणे जिल्ह्यातच सापडतो. त्या इतिहासाच्या आधारे जादा भरण्याचा प्रश्न हा मूलतः हिशेब कोणाच्या हाती आहे याचा प्रश्न आहे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

हक्क होता, पुरावा नव्हता

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने दिलेले पैसे स्वीकारणाऱ्याने ते परत करणे बंधनकारक आहे. म्हणजे जादा रक्कम परत मागण्याचे तत्त्व कायद्यात तेव्हाच आले होते. तथापि निरक्षर कुणब्याला त्याचा उपयोग होणे कठीण होते. खत सावकाराकडे, वहीही सावकाराकडे. दिलेल्या धान्याची वा पैशाची नोंद झाली की नाही, हे ऋणकोला कळण्याचा मार्ग नव्हता. न्यायालय मात्र लेखी खतावर भर देत असे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंग्यास प्रारंभ झाला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या खतांवर व दस्तऐवजांवर होता. कागद जाळणे ही त्या काळातील ऋणकोची हिशेबाविरुद्धची तक्रार होती, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

१८७९ चा कायदा

दंग्यांच्या चौकशीनंतर दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम, १८७९ संमत झाला. तो प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून हिशेब घेण्याचा अधिकार दिला. मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी मांडावयाची होती. ऋणकोने दिलेला पैसा प्रथम व्याजात जमा करावा आणि तो व्याजापेक्षा अधिक भरल्यास उरलेली रक्कम मुद्दलात जमा करावी, असा नियम होता. उदाहरणार्थ, देय व्याज ४० रुपये असताना ऋणकोने ६० रुपये दिले, तर २० रुपयांनी मुद्दल कमी होणे आवश्यक होते. दामदुपटीचे तत्त्वही या हिशेबात अंतर्भूत होते.

त्याहून दूरगामी तरतूद पावतीची होती. शेतकरी ऋणकोला लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि नोंदी असलेले पासबुक मिळण्याचा हक्क प्राप्त झाला व तो नाकारणे दंडनीय ठरले. १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक होण्यापूर्वी न्या. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पाहिले होते.

शैक्षणिक कर्जातील जादा भरणा

१८७९ च्या कायद्याचे संरक्षण शेतकऱ्यापुरते होते. विद्यार्थी त्याच्या कक्षेत नव्हता. शैक्षणिक कर्जाला व्यापक रूप भारतीय बँक संघाच्या २००१ च्या आदर्श योजनेने दिले. तीत देशांतर्गत शिक्षणासाठी ७.५० लाख व परदेशी शिक्षणासाठी १५ लाख रुपयांची मर्यादा होती. शिक्षणकाळात सरळ व्याज आकारून ते पुढे मुद्दलात मिळवावे व त्यावर हप्ते ठरवावेत, अशी तिची रचना होती. त्यामुळे आरंभीच्या आकड्यात झालेली चूक प्रत्येक हप्त्यात उतरते.

जादा भरण्याची कारणे वेगवेगळी असतात. कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यावरही बचत खात्यातून हप्त्याची आपोआप वजावट चालू राहू शकते. २००९-१० पासून केंद्र शासनाने ४.५० लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्याज अनुदान सुरू केले. पालकांनी व्याज आधीच भरले आणि अनुदान नंतर जमा झाले, तर एकाच व्याजाचा दोनदा भरणा होतो. काही वेळा चूक धनकोच्या आकारणीतच असते. कर्जरक्कम प्रत्यक्ष हाती पडण्यापूर्वीच्या दिवसांचेही व्याज काही संस्था लावत असल्याचे तपासणीत आढळल्याने, रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले. जादा घेतलेले व्याज ग्राहकांना परत करण्यास संस्थांना सांगितले असल्याचे त्यात नमूद आहे.

अशा प्रसंगी ऋणकोने आरंभापासूनचा खातेउतारा व व्याजाचे विवरण लेखी मागवणे, ते आपल्या पावत्यांशी ताडून पाहणे आणि नेमकी रक्कम व दिनांक नमूद करून परताव्याची मागणी करणे इष्ट ठरते. 'कर्ज बेबाक' असा दाखला आणि जादा रकमेचा परतावा या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास लोकपालाकडे जाण्याची सोय २०२१ च्या एकात्मिक योजनेत ठेवण्यात आली.

निष्कर्ष

सावकाराची वही आणि बँकेचे संगणकीय खाते यांत तंत्राचे अंतर मोठे आहे. पण दोन्ही धनकोच्या ताब्यात असतात. बँकेच्या पुस्तकांतील नोंदीची प्रमाणित प्रत १८९१ च्या कायद्यानुसार सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. ती नोंद चुकीची असल्यास खोडून काढण्याचा भार व्यवहारात ऋणकोवर येतो. म्हणूनच १८७२ ने दिलेला परताव्याचा हक्क १८७९ ने दिलेल्या पावतीच्या हक्काशिवाय अपुरा राहतो. सुप्याच्या शेतकऱ्याकडे जाळण्यासाठी सावकाराचा कागद होता, दाखवण्यासाठी स्वतःचा नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला स्वतःचा कागद मिळू शकतो. तो मागण्याची व जपण्याची सवय लावणे हे महाविद्यालयांचेही शैक्षणिक कार्य मानावयास हवे.