दाखल-खारीज : आपल्या जिल्ह्यातील सरकारी हायस्कुलाची कहाणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडून शाळेच्या इतिहासावर लेख यावा, अशी संपादक मंडळाची सूचना झाली. शाळेचा इतिहास म्हटला म्हणजे हेडमास्तरांची नामावळी, निकालाचे आकडे आणि इमारतीची पायाभरणी एवढेच बहुधा लिहिले जाते. तो सारा मजकूर भिंतीवरील फलकावर वाचावयास मिळतो. आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली. तेव्हा फलकावर नसलेल्या, परंतु प्रत्येक शाळेच्या कपाटात असलेल्या एका पुस्तकाच्या आधाराने ही कहाणी सांगावी असे ठरविले आहे. त्या पुस्तकास आपल्याकडे ‘दाखल-खारीज’ म्हणतात. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, गाव, तो केव्हा आला आणि केव्हा व का गेला, एवढे त्यात एका ओळीत लिहिलेले असते. आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचा लेखी इतिहास त्या एका ओळीपासून सुरू होतो, ही गोष्ट समाजबांधवांच्या क्वचितच ध्यानात येते.

प्रथम थोडे मागे जाऊ. तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५४ साली चांदा इंग्रजांच्या अमलाखाली आला. त्याच वर्षी विलायतेहून सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक प्रसिद्ध खलिता हिंदुस्थानात आला. म्हणजे सरकारी अंमल आणि सरकारी शाळेची कल्पना, ही दोन्ही आमच्या जिल्ह्यास एकाच वर्षी भेटली असे म्हणावयास हरकत नाही. कल्पना आली तरी शाळा काही लगेच आली नाही. प्राथमिक शाळा हळूहळू निघाल्या. इंग्रजी शिकवणारी शाळा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. चांद्याची ज्युबिली हायस्कूल ही त्या काळची खूण. तिच्या नावातील ‘ज्युबिली’ हा शब्द राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतला. राणीच्या राज्यारोहणाचे सुवर्ण व हीरक महोत्सव अनुक्रमे १८८७ व १८९७ साली झाले आणि देशभर कित्येक शाळा, इस्पितळे व बागा त्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा या प्रांतात प्रथम कलकत्त्याच्या आणि पुढे अलाहाबादच्या विद्यापीठाची असे. नागपूर विद्यापीठ निघाले ते १९२३ साली. वैनगंगेच्या काठच्या मुलाची परीक्षा गंगेच्या काठी बसलेल्या मंडळींनी घ्यावी, असा तो काळ होता.

आता अंतराचा हिशेब पाहावा. जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे २५,८०० चौरस किलोमीटरचा मुलूख; गोव्यासारखी जवळजवळ सात राज्ये त्यात मावतील. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. या एवढ्या मुलखात हायस्कूल म्हणजे मोठ्या गावाचीच चीज. सिरोंच्यापासून चांदा सुमारे दोनशे किलोमीटर. वाटेत अहेरी-आलापल्लीचे सागवान, वैनगंगेचे पात्र आणि पावसाळ्यात बंद पडणारे नाले. रेल्वे वरोऱ्याकडून आली ती मुळात दगडी कोळशासाठी, मुलांसाठी नव्हे. मद्रास-दिल्ली मार्ग बल्लारपूरवरून सलग झाला तो १९२९ साली. आजही चंद्रपूरच्या एका स्टेशनाचे नाव ‘चांदा फोर्ट’ असे आहे. शहराने नाव बदलले तरी रेल्वेने तेथे जुने ठेवले, हे आम्हांस तरी आवडते.

तेव्हा हायस्कुलात जावयाचे म्हणजे घर सोडावयाचे. मुलगा चौथी झाला की खेड्यात प्रश्न पडे तो फीचा नव्हे, तर जेवणाचा व झोपण्याचा. सरकारने शाळा दिली. भाकरी द्यावयाची कोणी? येथे ज्ञातीचा संबंध येतो. शहरात ज्याचे दुकान, नोकरी किंवा लहानसे घर असे, त्याच्या ओसरीवर गावाकडील नात्यातली, गोत्यातली दोन-तीन मुले हमखास पडलेली असत. मुलाचा बाप हंगामात तांदळाचे पोते, मोहफुले, डिंक किंवा लाखोळीची डाळ आणून टाकी. त्याचा हिशेब कोणी लिहीत नसे. घरातील काकू-मावशी आपल्या मुलांबरोबर त्यांचीही ताटे वाढीत. शाळेच्या रजिस्टरात ‘पालकाचे नाव’ या रकान्यात बापाऐवजी मामाचे किंवा गावच्या ओळखीच्या गृहस्थाचे नाव दिसते, ते यामुळेच. मात्र ज्या माउलीने सात वर्षे त्या मुलास जेवू घातले, तिचे नाव त्या रकान्यात कधीच आले नाही.

हीच गोष्ट इतरत्र थोरामोठ्यांनी पद्धतशीरपणे केली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींसाठी बोर्डिंगे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीत बसविली. आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. या साऱ्यांस एक गोष्ट कळून चुकली होती : शाळा काढण्याने खेड्यातील मुलगा शिकत नाही, त्याच्या राहण्याची सोय केल्याने शिकतो. आमच्या जंगलपट्टीत एवढा मोठा राजा वा पुढारी ही सोय करावयास उभा नव्हता. जे झाले ते ओसरीवर झाले, आणि म्हणून त्याचा कोठे अहवाल नाही.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे वळू. दाखल-खारीजची जुनी पाने उघडली म्हणजे प्रथम जन्मतारखेची गंमत दिसते. ओळीने नावे पाहावीत तो अनेकांचा जन्म १ जुलैचा! खेड्यात जन्माची नोंद कोतवाल बुकात होई, पण ती शाळेत घेऊन येतो कोण? बाप म्हणे, “मोठ्या पुराच्या साली झाला.” गुरुजी मुलाकडे पाहत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानास लागतो की नाही ते बघत, आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहून मोकळे होत. पुढे हीच मंडळी सरकारी नोकरीत शिरली आणि ३० जूनला घाऊक निवृत्त झाली. निरोपसमारंभाचे हार त्या दिवशी महाग होतात, हे शिक्षकांस सांगावयास नको.

जातीच्या रकान्यात मात्र गंमत नाही. बापाने जे सांगितले ते गुरुजींनी लिहिले. एका भावाच्या नावापुढे धंद्याचे नाव, दुसऱ्याच्या नावापुढे पोटजात, तिसऱ्याच्या नावापुढे केवळ ‘हिंदू’. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर चांद्यास धम्मदीक्षा दिली. त्यानंतर कित्येक नावांपुढे ‘बौद्ध’ हा शब्द आला. एका पानावर मोठा भाऊ जुन्या जातीचा आणि पुढील पानावर धाकटा भाऊ नव्या धर्माचा, असे इतिहासाचे वळण या पुस्तकात दोन ओळींत सापडते. रानातल्या शाळांत आणखी एक प्रकार घडला. माडिया मुलाचे घरचे नाव गुरुजींच्या जिभेस वळेना, म्हणून त्याला ओळखीचे मराठी नाव देऊन तेच रजिस्टरात चढविले गेले. घरी एक व शाळेत एक अशी दोन नावे घेऊन ती मुले मोठी झाली. हे योग्य झाले असे आम्हांस वाटत नाही.

राज्ये बदलली, रजिस्टर तेच राहिले. एक हिशेब करून पाहावा. १९४९ च्या जुलैत पहिलीत बसलेला मुलगा ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात दाखल झाला. पहिलीचे वर्ष संपण्यापूर्वीच, २६ जानेवारी १९५० पासून, तो मध्यप्रदेशचा झाला. आठवीत असता १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. वाटेत कोठे नापास न होता तो १९६० साली मॅट्रिकला बसला असेल, तर परीक्षा त्याने मुंबई राज्यात दिली आणि निकाल महाराष्ट्रात लागला. मुलगा बाक सोडून उठला नाही. राज्येच त्याच्या खालून सरकली. तालुक्याच्या शाळांचे मालकही असेच बदलले. आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल, १९४८ च्या कायद्यानंतर जनपद सभा आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. वयस्क मंडळी अजूनही ‘जनपदची शाळा’ म्हणतात ती यामुळे.

महाराष्ट्र झाल्यानंतरचा काळ हा या शाळांच्या भरभराटीचा. बाराशे रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांस फीची माफी मिळू लागली, त्या ई. बी. सी. सवलतीने आपल्या समाजातील जितकी मुले मॅट्रिक झाली तितकी कोणत्याही सत्कारसमारंभाने झाली नाहीत. शहरही वाढले. बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीची आयुध निर्माणी, कोळशाच्या खाणी, आणि पुढे दुर्गापूरकडे औष्णिक वीज केंद्र. जटपुरा दरवाजाबाहेर, बाबूपेठेत, तुकूमकडे वस्ती पसरली आणि या उपनगरांतल्या शाळांत तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणाऱ्या कामगारांची मुले मराठी मुलांच्या शेजारी बसली. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालचे निर्वासित वसविले गेले, तेव्हा तिकडच्या हजेरीपटावर बंगाली आडनावे आली. ज्ञातीपलीकडचे जग आमच्या मुलांनी प्रथम पाहिले ते या बाकांवर.

१९७५ साल शाळाखात्यात सर्वांच्या लक्षात राहिले. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा त्या वर्षी बरोबरच झाली. आम्ही स्वतः जुन्या अकरावीच्या त्या अखेरच्या तुकडीतले. म्हणून आम्हांस ‘मॅट्रिक’ म्हणवून घेण्याचा थोडा अभिमान आहे, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.

त्याच सुमारास भामरागडकडे दुसरा प्रयोग चालला होता. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ साली तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या देखरेखीखाली निवासी आश्रमशाळा निघाली. पर्लकोटेला पूर आला की जगाशी संबंध तुटणाऱ्या त्या भागात शाळेबरोबर निवास व भोजन दिल्यावाचून गत्यंतर नव्हते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे सूत्रही तेच. म्हणजे आमच्या घरच्या ओसरीवर जे चालत असे, तेच तेथे संस्थेने व सरकारने केले. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची साक्षरता चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या घरात पोचली, तिच्या मागे ही ताटे आहेत.

आता थोडे कटू बोलतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या समाजातील शिकल्यासवरल्या घरांनी या शाळांकडे पाठ फिरविली. ज्यांचे वडील सरकारी हायस्कुलाच्या जोरावर मास्तर, तलाठी, वनखात्यातले कारकून झाले, त्यांची नातवंडे इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमधून जातात. याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. आमच्या घरीही तेच आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात आज कोण बसते ते पाहावे. मानव विकासच्या निळ्या गाडीने खेड्यातून येणाऱ्या मुली, भूमिहीनांची मुले, ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही ती. आपल्या स्नेहसंमेलनात गुणवंतांचा सत्कार होतो, त्या यादीत या शाळेतील आपल्याच समाजाचे मूल शोधावे लागते. साठ टक्के मिळवणाऱ्या व पहाटे उठून रोवणीस जाऊन आलेल्या मुलीस शाल द्यावयास आमच्या कार्यकारिणीने नियम बदलावा, असे आम्ही मागेही सुचविले होते, येथे पुन्हा सुचवितो.

गंमत अशी की, पाठ फिरवलेली हीच घरे एके दिवशी त्या शाळेच्या दाराशी परत येतात. मुलास वैद्यकी वा अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला, की जात वैधता प्रमाणपत्र हवे. २००० सालच्या कायद्याने ते आवश्यक झाले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तर ठीक. नाहीतर आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीजचा उतारा. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी कागदपत्रे चाळली गेली, त्यांत शाळांची रजिस्टरेही होती. एरवी ज्या कपाटाकडे कोणी पाहत नाही, त्याच्यापुढे अशा वेळी रांग लागते.

आणि त्या कपाटाची स्थिती कशी? कसर लागलेली पाने, गळक्या कौलांखालून आलेले ओघळ, शिवण सुटलेले पुठ्ठे. पट कमी झाल्याने शाळा बंद झाली वा दुसरीत विलीन झाली, तर तिची रजिस्टरे कोठे गेली हे शोधीत हिंडावे लागते. ओसरीवर झोपून शिकलेल्या आपल्या आजोबांची जगात एकच लेखी खूण असेल आणि ती वाळवीच्या पुढ्यात पडली असेल, तर ज्ञातिसंस्थेने हॉलच्या फरशीआधी तिचा विचार करावा असे आमचे मत आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण नेमावेत. त्यांनी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन १९६७ पूर्वीची पाने डागडुजीस द्यावीत, त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत शाळेतच ठेवावी. खर्च फार नाही. शाळेस दोन लोखंडी कपाटे भेट दिली तरी निम्मे काम होते.

घरोघरीही एक काम आहे. जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो घडी उलगडून सपाट ठेवावा, चिकटपट्टी लावू नये. त्यावरील शाळेचे नाव, दाखल-खारीजचा अनुक्रमांक व प्रवेशाची तारीख वेगळी टिपून ठेवावी. शाळेचे नाव पुढे बदलले असल्यास तेही शेजारी लिहावे. दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहावयास जाते, तेव्हा अनुक्रमांक हाताशी असला म्हणजे कारकुनास शंभर वर्षांची पाने उलटावी लागत नाहीत.