सैनिकाला रायफल चालवायला कसे शिकवतात? फायरिंग रेंजवरचा एक दिवस

चित्रपटात नवा सैनिक रायफल हातात घेतो आणि लगेच गोळ्या झाडू लागतो. प्रत्यक्षात भारतीय सेनेतील रिक्रूटला पहिली गोळी झाडण्यापूर्वी बरेच दिवस रिकाम्या रायफलीबरोबर काढावे लागतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात असो वा इतर कुठल्या, क्रम साधारण सारखाच असतो.

सुरुवात 'खोलना-जोडना'पासून होते. रायफलीचे भाग सुटे करायचे, साफ करायचे, पुन्हा बसवायचे. 1990च्या दशकाच्या अखेरीस सेनेत आलेली 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल अनेक वर्षे मुख्य रायफल होती. आता एके-203 आणि सिग 716 टप्प्याटप्प्याने तिची जागा घेत आहेत. हत्यार बदलले तरी नेमबाजीची मूलतत्त्वे तीच राहतात: पक्की पकड, अचूक नेम, श्वासावर ताबा आणि ट्रिगर हळुवार दाबणे.

शिकवणाऱ्याला रिक्रूट 'उस्ताद' म्हणतात. उस्ताद 'दुरुस्त शिस्त' म्हणतो, तेव्हा मराठी मुलगा आधी ताठ होतो. सेनेच्या हिंदीत मात्र शिस्त म्हणजे नेम.

हा नेम इतका घोटून का घेतात, ते साध्या गणिताने कळते. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये अर्धा मीटर अंतर धरू. पुढच्या साइटचे टोक फक्त 1 मिलिमीटर सरकले, तर 100 मीटरवर गोळी 20 सेंटिमीटर बाजूला जाते आणि 300 मीटरवर 60 सेंटिमीटर. म्हणजे माणसाच्या आकाराचे टार्गेट सरळ चुकू शकते. डोळा जवळचे आणि लांबचे एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही, म्हणून नजर पुढच्या साइटच्या टोकावर ठेवायची आणि टार्गेट थोडे धूसर दिसू द्यायचे. नवख्याला हे उलटे वाटते. आवाजाच्या धास्तीने ट्रिगरला झटका देण्याची सवय मोडायला रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणे ठेवून ट्रिगर दाबायला लावतात. नाणे पडले की पुन्हा पहिल्यापासून.

रेंजवरचा दिवस पहाटे सुरू होतो आणि त्यातला बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. लाल निशाण वर चढते, म्हणजे आत गोळीबार चालू आहे, कुणी फिरकू नये. रुग्णवाहिका उभी असते. राउंड मोजून दिले जातात. एका वेळी गोळीबार करणाऱ्या तुकडीला 'डिटेल' म्हणतात. एक डिटेल फायरिंग पॉइंटवर आडवी होते, दुसरी मागे तयार बसते, तर काही जण टार्गेटकडच्या टोकाला 'बट'मध्ये, म्हणजे संरक्षक बांधाआडच्या खंदकात, टार्गेट वर-खाली करायला आणि छिद्रे दाखवायला असतात.

बटमधले काम कंटाळवाणे मानले जाते, पण शिकण्यासारखे खूप असते. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने, म्हणजे आवाजापेक्षा खूप जलद निघते. 300 मीटरवर खंदकात बसलेल्याला आधी डोक्यावरून 'चट्' असा कडाका ऐकू येतो आणि साधारण अर्ध्या सेकंदाने रायफलीचा 'धप्'. या दोन आवाजांतल्या अंतरावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला सैनिक शिकतो.

पहिला सराव 'ग्रुपिंग'चा. एकाच बिंदूवर नेम धरून पाच राउंड झाडायचे. पाचही छिद्रे कोपऱ्यात पण जवळजवळ पडली, तर उस्ताद खूश होतो. एखादी मधोमध आणि बाकीची विखुरलेली असली, तर नाही. कारण घट्ट ग्रुप बाजूला पडला तर साइट फिरवून तो मध्यावर आणता येतो, त्यालाच 'झिरोइंग' म्हणतात. विखुरलेल्या ग्रुपचा दोष बहुधा माणसात असतो आणि तो स्क्रूने सुटत नाही.

सुरक्षेबाबत दयामाया नसते. राउंड फुटला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करायचा. मागे वळून 'उस्ताद, हे बघा' म्हणणे ही सर्वांत घातक चूक, कारण रायफलही माणसाबरोबर वळते. कानांकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. रायफलीचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि त्याने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कापसाचे बोळे यासाठी पुरेसे नाहीत, इअरप्लग किंवा इअरमफच हवेत.

फायरिंग संपल्यावर प्रत्येक रायफल रिकामी असल्याची तपासणी होते. मग खोके, म्हणजे रिकामी काडतुसे, वेचायची. दिलेले राउंड आणि परत आलेले खोके व उरलेले राउंड यांचा हिशेब जुळावाच लागतो. एक खोका कमी पडला तरी सगळे गवतात ओणवे होऊन शोधतात. आपल्याजवळ जिवंत राउंड किंवा खोका नाही, असे प्रत्येकाला सांगावे लागते. जेवण त्यानंतर. संध्याकाळी नळीतून तेलाची चिंधी ओढणे सुरू होते. जळलेल्या दारूची काजळी एका दिवसात निघत नाही, म्हणून पुढचे काही दिवसही ती साफसफाई चालूच राहते.