कॅम्प्टोथेसिन आणि सह्याद्रीतील नरक्या

वनस्पतीच्या अर्कात कर्करोगरोधी गुण आहे की नाही, हे प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आकाराला आली आणि पुढे तिचे पडसाद सह्याद्रीच्या जंगलातही उमटले. १९५० च्या दशकात मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळील प्रयोगशाळेत कॉर्टिसोन बनवण्यास उपयुक्त द्रव्ये वनस्पतींत शोधत होते. तेथील सुमारे एक हजार अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तपासले, तेव्हा कॅम्प्टोथेका या मूळच्या चिनी वृक्षाचा अर्क ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या उंदरांवर विशेष प्रभावी ठरला.

अर्कात असंख्य द्रव्ये मिसळलेली असल्याने त्यांतले गुणकारी कोणते, हा खरा प्रश्न होता. वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी १९६२ मध्ये त्यांना येऊन मिळाले. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची चाचणी घ्यायची आणि ज्यात गुण टिकला असेल त्याचेच पुन्हा भाग पाडायचे, या क्रमाने त्यांच्या गटाने कॅम्प्टोथेसिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले व १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली.

तथापि उंदरांवरील यश म्हणजे औषध नव्हे, हे लवकरच दिसून आले. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने रुग्णांवरील पहिल्या चाचण्यांत त्याचे विद्राव्य सोडियम लवण वापरले गेले. परंतु त्यासाठी रेणूतील ज्या कड्याचे तोंड उघडावे लागे, त्याच कड्यावर त्याचा गुण अवलंबून होता. आम्लधर्मी मूत्रात ते कडे पुन्हा जुळून मूत्राशयाला इजा होई व रक्तस्राव होई, त्यामुळे १९७० च्या दशकाच्या आरंभी या चाचण्या थांबल्या. पेशीविभाजनापूर्वी डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला हे द्रव्य अडवते, असे १९८५ मध्ये उलगडले, तेव्हा संशोधनाला नवी चालना मिळाली. रेणूत फेरफार करून बनवलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

दरम्यान १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी हेच द्रव्य पश्चिम घाटातील नरक्या या झाडात असल्याचे दाखवले होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती एक नोंद होती. पण औषधांची मागणी वाढताच द्रव्य काढण्यासाठी झाडे तोडली जाऊ लागली आणि नरक्याची संख्या घटली. अर्कातील गुण सिद्ध करणारी चाचणी त्या गुणाची किंमत कोणत्या जंगलाला मोजावी लागेल हे सांगत नाही. म्हणून औषधाच्या इतिहासात रोपवाटिका, लागवड आणि संवर्धन यांचाही हिशेब मांडला जाणे आवश्यक ठरते.